विशाखा आता दारात रडत नाही

पंचशीलाला सकाळ या गोष्टीचाच राग यायचा. स्टोव्ह धूर करतो त्याचा राग, घागर तळाला गेली त्याचा राग, आणि नवरा आरशापुढे शांतपणे दाढी करतो त्याचा तर सगळ्यात जास्त. लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून फायली आणि डगमगणाऱ्या खुर्च्या आल्या होत्या, भाड्याच्या इमारतींवर कचेऱ्यांच्या पाट्या चढल्या होत्या, आणि त्या खुर्च्यांवर बसायला माणसं हवी होती. तशी हिमायतनगरच्या लिंबाजीची ही लेक बी.ए. होऊन कारकून म्हणून इथे आली. त्यांच्या घराण्यात सरकारी खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई. लिंबाजी हे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवायचा. नोकरी अजून कायम झालेली नाही, एवढं मात्र गाळायचा.

नवरा पंढरी किल्लारीकडच्या एका शाळेत मास्तर होता. उजाडायच्या आत पहिली एसटी धरायची आणि दिवेलागणीला परत यायचं, असा त्याचा दिवस. म्हणजे पुढची सगळी सकाळ पंचशीलाच्या एकटीच्या अंगावर. त्यात दुष्काळ. नळाला पाणी येतं हे लोक विसरलेसुद्धा होते, टँकर त्याच्या मर्जीने यायचा. आणि त्यात विशाखा, वय वर्षं तीन.

ही पोर दिवसभर गुणाची होती. पण आईने कचेरीची साडी नेसायला घेतली की तिला कळायचं. ती येऊन निऱ्या धरून उभी राहायची, आणि सोडवायला गेलं की जे भोकाड पसरायची ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. शेजारच्या जगदेवीकडे तिला सोडायची सोय होती. पंचशीला तिला तिथे टाकून निघायची, वळणापर्यंत जायची, रडणं ऐकून तिचा पाय अडायचा, आणि ती परत यायची. पोटाशी धरायची, डोळे पुसायची, पुन्हा निघायची. पुन्हा भोकाड. या येरझाऱ्यांत हजेरीचं मस्टर साहेबांच्या टेबलावर गेलेलं असायचं.

हेडक्लार्क व्यंकटराव वाईट माणूस नव्हता, पण लेकरांचं रडणं त्याच्या नियमांत कुठेच बसत नव्हतं. एक दिवस त्याने तिला बोलावून घेतलं.

"बाई, तुम्हाला कायम करायची शिफारस मीच लिहायची असते," तो म्हणाला. "तुमचं काम चांगलं हाय. पण तुम्ही येता कधी, हे साहेब मला विचारतेत. मी काय सांगू?"

त्या संध्याकाळी नवरा-बायको समोरासमोर बसली आणि सकाळची वाटणी झाली. पंढरीने घागरी भरून ठेवायच्या, स्टोव्हच्या वाती साफ करायच्या, जाताना चहा टाकून जायचा. भाजी आदल्या संध्याकाळी चिरून ठेवायची. साडी गादीखाली घडी घालून ठेवली की इस्त्री नको. विशाखाला परातीत बसवून अंघोळ घालायची, म्हणजे तेच पाणी फरशीला होतं आणि उरलं तर संडासाला. सगळं बसलं. राहिलं फक्त विशाखाचं रडणं, आणि त्याला वाती साफ करून काही उपयोग नव्हता.

तो प्रश्न घरमालकिणीने सोडवला. पत्र्याच्या चार खोल्या आणि मधे अंगण, एवढी नागम्माबाईंची इस्टेट. उदगीरकडची लिंगायत विधवा, मूल-बाळ नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि बोलण्यात मराठी-कानडीची मोकळी मिसळ. त्या पंचशीलाच्या दारात येऊन म्हणाल्या, "रोज पोरीचं रडणं ऐकून राहिले मी. माझ्यापाशी सोड. मला तरी काय काम हाय?"

आणि काय सांगावं, चार-सहा दिवसांत सकाळची घडी बसली. पंचशीलाचा स्वतःचाच विश्वास बसेना. विशाखा अंघोळ करून, केसांत तेल घालून, आपल्या पायाने चालत नागम्माबाईंच्या दारात जाऊ लागली. उंबऱ्यात उभी राहून आईला हात करू लागली. ना निऱ्या धरणं, ना भोकाड. पंचशीला मस्टरवर पहिल्या पाचांत सही करू लागली. व्यंकटराव चष्म्यावरून बघून हसला. पंढरीने बायकोला म्हटलं, "बघ, बसलं का न्हाई सगळं?"

बसलं होतं. आणि तिथूनच पंचशीलाच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

पहिल्यांदा तिला ते कळलं नाही. ती वळणावर सवयीने थांबायची, कान द्यायची, आणि मागे सगळं शांत. पोर रडत नाही म्हणून बरं वाटायला हवं होतं, आणि वाटायचंही, पण त्या बऱ्या वाटण्याखाली काहीतरी टोचत राहायचं. मी गेले तरी हिला काहीच नाही? महिन्याभरापूर्वी ही माझ्या निऱ्यांना लोंबकळत होती. तिने स्वतःला समजावलं की लेकरं अशीच असतात. पण समजावून जे जातं त्यातलं हे नव्हतं.

मग बारीकसारीक गोष्टी डोळ्यांत खुपायला लागल्या. घरी दूध पुढे केलं की विशाखा तोंड फिरवून "बेड" म्हणायची. बेड म्हणजे कानडीत नको. नागम्माबाईंकडे तीच पोर दुधात कुस्करलेली भाकरी वाटी चाटून संपवते, हे शिवकांताने कौतुकाने सांगितलं. शिवकांता पलीकडच्या खोलीतली भाडेकरीण, तीही लिंगायतच, जीभ सैल पण मन साफ. नागम्माबाईंना ती अव्वा म्हणायला लागली होती. केस विंचरायला घेतले की म्हणायची, "अव्वा दुखू देत न्हाई." रविवारी आई दिवसभर घरात असताना ही पोर दुपारी उठून म्हणायची, "मी अव्वाकडं जाऊ?" पंचशीला म्हणायची, "मी हाय की घरी." विशाखा तिच्याकडे विचारात पडल्यासारखी बघायची, आणि तेवढ्यानेही पंचशीलाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अव्वा म्हणजे आजी, असं पंचशीलाने धरलं होतं. एकदा टँकरच्या रांगेत शिवकांता सहज बोलून गेली, "आमच्यात आईला अव्वा म्हणतेत."  त्या रात्री पंचशीलाने भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या की पंढरीने विचारलं, कोणावर राग काढून राहिलीस?

"कोणावर न्हाई," ती म्हणाली.

आता पुढचं ऐका, कारण हे कुठलीही आई कबूल करणार नाही आणि पंचशीलानेही पुष्कळ दिवस केलं नाही. ती दारात रेंगाळायला लागली. सगळं आवरलेलं असायचं, पिशवी खांद्याला, चपला पायात. विशाखा उंबऱ्यात उभी राहून हात करायची. आणि पंचशीला निघायची नाही. वाकून म्हणायची, "आई चालली हं. लई लांब चालली. येऊ का न येऊ?" पोर ओठ दाबून बघत राहायची. "आईची आठवण न्हाई येत तुला?" पोर नागम्माबाईंच्या लुगड्याला धरायची. नागम्माबाई म्हणायच्या, "जा गं बाई, उशीर होऊन राहिला तुला." हे ऐकलं की पंचशीलाला वाटायचं, बघा, मला घालवायची किती घाई झालीय.

एके दिवशी तिला यश आलं. ती म्हणाली, "बरं, मग मी येतच न्हाई आता. तू ऱ्हा अव्वापाशी." विशाखाचा ओठ थरथरला, मग हनुवटी, आणि पोर धाय मोकलून रडायला लागली. पंचशीलाने तिला छातीशी धरलं, मुके घेतले, "येते गं माझी बाय, येते संध्याकाळी" म्हणून डोळे पुसले. कचेरीत पोचायला उशीर झाला. पण त्या दिवशी तिचं चित्त इतकं प्रसन्न होतं की तिने शेजारच्या कारकुनाची दोन पत्रंसुद्धा टाइप करून दिली. दिवसभर तिच्या कानात तेच रडणं होतं आणि ते तिला गोड लागत होतं.

पंढरीला हे शिवकांताकडून कळलं.

"तू तिला रडवून राहिलीस," तो म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता.

"मी कशाला रडवू माझ्या लेकराला?"

"तेच विचारतोय."

ती पाठ फिरवून भांडी आवरायला लागली. नवऱ्याला काय जातं बोलायला? तो अंधारात उठून जातो, निघताना पोर झोपलेली असते, दारातलं त्याला काय कळणार.

असं असताना एका दुपारी कचेरी लवकर सुटली. टँकर येणार अशी बातमी होती, म्हणून अंगणात बायकांनी घागरी-हंड्यांची रांग लावली होती आणि सगळ्या सावली धरून बसल्या होत्या. पंचशीला आत शिरली तशी विशाखा नागम्माबाईंच्या दारातून धावत बाहेर आली. तिच्या कपाळावर राख होती. आडवी, तीन बोटं ओढल्यासारखी.

पंचशीलाला आधी धक्का बसला आणि लगेच, त्याच्या पाठोपाठ, मोकळं वाटलं. इतके दिवस जे पोटात होतं त्याला बोलायला तोंड नव्हतं. आज मिळालं, आणि तेही असं की कोणी नाव ठेवू शकणार नाही.

"मावशी," तिने हाक मारली. "हे काय हाय हिच्या कपाळाला?"

नागम्माबाई दारात आल्या. "काय?"

"तुमचं तुम्ही लावा, मी कधी काही बोलले? पण माझ्या लेकराला कशाला? माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. ते काय लेकरांच्या कपाळाला पुन्हा राख लावायला?"

 नागम्माबाईंनी पोरीला हनुवटीला धरून कपाळ पाहिलं आणि त्या हसल्या. "अगं, ही इबूत न्हाई. चुलीची राख हाय. भांड्याला पाणी कुठलं आता? राखेनं घासायचं आन फडक्यानं पुसायचं. पोर बसली संगं घासत. घाम पुसला असंल तिनं."

ते खरं होतं. पंचशीलाला ते त्याच क्षणी दिसलं. पोरीच्या दोन्ही तळव्यांना राख होती, झग्यालाही होती, कानाच्या पाळीलासुद्धा. इथे थांबता आलं असतं. हसून कपाळ पुसलं असतं की संपलं होतं. पण हातात आलेलं असं सोडवतं का?

"म्हणजे माझ्या लेकराकडून भांडी घासून घेता तुम्ही?" ती म्हणाली. "आमच्या आज्ज्यांनी तुमची अंगणं झाडली, तेवढ्यानं भागलं न्हाई का?"

 हे वाक्य असं होतं की त्यापुढे बोलायला कोणाकडे काही उरत नाही. नागम्माबाईंचं हसू तोंडावरच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्या आत गेल्या. विशाखाचा एक झगा, तिची वाटी आणि फणी घेऊन आल्या आणि ते सगळं ओट्यावर ठेवलं.

"उद्यापास्नं नको आणू," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

विशाखा त्या दारावर थापा मारत "अव्वा, अव्वा" करून रडली. पंचशीलाने तिला उचलून घरात आणलं. आता पोर तिच्या कडेवर होती, तिच्या एकटीची होती, आणि दुसरीसाठी रडत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. जगदेवी पाण्यापायी लेकरं घेऊन माहेरी गेली होती. शिवकांताचं बाळंतपण जवळ आलं होतं. पंचशीलाने एक दिवस रजा टाकली, मग दुसरी, मग रजा संपल्या. चिरलेली भाजी, गादीखालची साडी, भरलेल्या घागरी सगळं जागच्या जागी होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. शेवटी ती पोरीला कचेरीत घेऊन गेली. विशाखा टेबलाखाली बसली, मग टेबलावर बसली, मग तिने शाईची बाटली एका फायलीवर पालथी केली. व्यंकटरावने शाई टिपकागदाने स्वतः टिपली. तेवढं करून तो म्हणाला, "बाई, सोमवारी शिफारशीचा कागद वर जातोय. तुमचं नाव त्यात घालू का नको, ते तुम्ही आता मला तुमच्या पायानंच सांगा. सोमवारी वेळेवर आलात तर घालतो."

ती घरी आली तेव्हा शिवकांता ओट्यावर पाय पसरून बसली होती. तिने पंचशीलाला खुणेनं बोलावलं.

"एक बोलू का? राग मानू नका. तुमची आज्जी आमची अंगणं झाडायची म्हणलात. खरं हाय. पण भांड्याला हात लावू देत होते का तिला?"

पंचशीलाने पोरीला कडेवरून खाली उतरवलं.

"पोरगी भांडी घासत होती म्हणजे कुठं होती? चुलीपाशी. अव्वाच्या पूजेच्या घरात. सिद्रामप्पा हायत ना, अव्वाचे दीर, ते पाडव्यापास्नं अव्वाच्या घरचं पाणीबी पीत न्हाईत त्याच्यावरून. अव्वानं तुम्हाला सांगितलं का कधी?"

नव्हतं सांगितलं. पंचशीला घरात येऊन बसली. शरमेने तिचे कान तापले होते. पण खोटं कशाला सांगा, त्या शरमेतसुद्धा एक कोपरा जळतच होता. म्हणजे ही बाई माझ्या लेकरासाठी भाऊबंदांशी वाकडं घेऊन बसली होती, इतका तिचा जीव गुंतला होता तर. मग माझं काय उरलं?

पंढरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने शर्ट खुंटीला अडकवला आणि विचारलं, "त्या दिवशी राग राखेचा आला होता का?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मग जा आन ते सांग."

ती गेली. नागम्माबाई ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही आणि बस म्हटलं नाही.

पंचशीलाने मनात पुष्कळ जुळवून आणलं होतं, पण तोंडातून आलं ते भलतंच. "मावशी, ती तुमच्यापाशी रडत न्हाई, ते मला बघवत न्हाई."

नागम्माबाईंचे हात थांबले.

"मी जाते तर तिला काहीच वाटत न्हाई," पंचशीला म्हणाली. "हसत हात करती. तुम्हाला अव्वा म्हणती. मी राखेचं बोलले, भांड्याचं बोलले, पण त्यातलं काही नव्हतं. मला जळून राहिलं होतं फक्त."

"रडत न्हाई म्हणतीस?" नागम्माबाई सावकाश म्हणाल्या. "रोज रडती."

"कधी?" पंचशीलाने विचारलं.

"तू वळणापलीकडं गेलीस की रडती. रोज. मला धरून, इथं." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तू रडणं ऐकून माघारी यायचीस, तुझी नोकरी चालली होती. मला दिसत होतं की. मग मी पोरीला शिकवलं. म्हणलं, बंगारा, माझं सोनं, आई वळणाला जाईपर्यंत रडायचं न्हाई. हात करायचा. आई दिसेनाशी झाली की मग माझ्यापाशी येऊन पायजे तेवढं रड. गुळाचा खडा देते. शाणी पोर. ओठ दाबून उभी राहायची तुझ्यापुढं."

पंचशीला तिथेच पायरीवर बसली.

"आन तू दारात थांबून टोचायचीस तिला," नागम्माबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला होता. "त्या दिवशी तिला आवरलं न्हाई. तू गेल्यावर मला काय म्हणाली ठावं हाय का? अव्वा, चुकलं माझं, म्हणाली. तीन वर्साचं लेकरू. गूळ दिला तर घेईना."

 अंगणात कोणाचा तरी रेडिओ चालू होता.

"तुला जळतंय म्हणतीस," नागम्माबाई पुन्हा म्हणाल्या. त्या सुपाकडे बघत बोलत होत्या. "मला काय होत असंल? सांजपर्यंत मी तिचं सगळं करायचं, आन तिनं खांद्यावर पडून आई, आई करायचं. तुला फुकट मिळतंय ते. मला गूळ देऊनबी मिळत न्हाई."

पंचशीला रडायला लागली. पण रडण्याआधी तिला जे वाटलं ते तिने नागम्माबाईंना सांगितलं नाही आणि पंढरीलाही कधी सांगितलं नाही. तिला आनंद झाला होता. पोर रोज आपल्यासाठी रडते, आपल्यासाठी, हे ऐकून आधी तिच्या अंगावरून आनंदाची शिरशिरी गेली, आणि लाज त्याच्या मागून आली.

"सोमवारपास्नं आणू का?" तिने विचारलं.

"चार बायकांत बोललीस तू मला," नागम्माबाई म्हणाल्या. "दाराआड पाया पडून ते पुसत न्हाई."

रविवारी टँकर आला. रांगेत सगळ्या होत्या. पंचशीलाने कळशी खाली ठेवली आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "त्या दिवशी मी मावशीला जे बोलले ते खोटं होतं. राख भांड्याचीच होती, मला तेव्हाच दिसलं होतं. आन भांडी घासायचं म्हणाल तर, त्यांनी माझ्या लेकराला चुलीपाशी बसवलं, जिथं त्यांचे सोयरे आम्हाला उभं करणार न्हाईत. लेकराला त्यांचा लळा लागला, तो मला सोसला न्हाई. एवढंच होतं."

 एकीने उगाच आपली घागर सरळ केली. कानशिलं तापलेली असताना उभं राहणं काय असतं ते पंचशीलाला चांगलंच कळलं. नागम्माबाई रांगेत तिच्या पुढे होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. आपली घागर भरून झाल्यावर त्यांनी नळी पंचशीलाच्या कळशीत धरली आणि ती भरेपर्यंत धरून ठेवली.

सोमवारी पंढरी अंधारात गेला. चहा टाकलेला होता, घागरी भरलेल्या होत्या. परातीतली अंघोळ झाली, तेल झालं, भाकरी झाली. विशाखा झगा सावरत नागम्माबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. पंचशीलाने आज काही विचारलं नाही, वाकली नाही, रेंगाळली नाही. "येते," म्हणाली. विशाखाने हात केला. आता माहीत असल्यामुळे ते सगळं दिसत होतं. दाबलेले ओठ, लुगड्यात गच्च रुतलेली मूठ, पापण्या न हलवता लावलेली नजर. पंचशीलाने हसून हात केला आणि भराभर चालायला लागली. आपलंही तोंड पोरीसारखंच दाबलेलं आहे हे तिला जाणवत होतं.

वळणापलीकडे गेली आणि तिथे मात्र ती थांबली. भिंतीला टेकून उभी राहिली. आज वेळेवर पोचलंच पाहिजे होतं, एक मिनिटसुद्धा उशीर चालणार नव्हता, आणि ती कान देऊन उभी होती.

आधी शांत होतं. मग आलं. बारीक आवाजात सुरू झालं आणि मोठं झालं. "आई, आई गं." पंचशीलाने डोळे मिटून घेतले. तिच्या छातीत कालवलं आणि त्याच वेळी आतून काहीतरी थंड होत गेलं. हे आपलं होतं, यात कोणाचा वाटा नव्हता. आता निघायला हरकत नव्हती, पण आणखी थोडं ऐकावं म्हणून ती थांबली.

मग नागम्माबाईंचा आवाज आला. काय बोलल्या ते इथवर कळलं नाही, कानडी होतं. रडणं उतरलं, एक हुंदका आला, दुसरा आला, आणि थांबलं. पाठोपाठ विशाखाचं हसू ऐकू आलं.

इतक्या लवकर?

पंचशीलाने डोळे उघडले. पाय मागे वळायला बघत होते. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली, पदर कमरेला खोचला आणि कचेरीच्या दिशेने जवळजवळ धावत सुटली. मस्टर अजून हेडक्लार्कच्याच टेबलावर होतं, साहेबांकडे गेलं नव्हतं. व्यंकटरावने पेन तिच्यापुढे केलं, आणि तिने इतकी दाबून सही केली की खालच्या दोन पानांवर उमटली.